ऊन सगळ्यांचे, बॅटरी ज्याची त्याची?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर चढले. तेव्हापासून नदीकाठी पातळी मोजणारे बिनतारी सेन्सर लावण्याचा विषय निघाला की आमच्या बडोद्यात एक वाद हमखास पेटतो. हे सेन्सर सौर पॅनेलवर चालणार, याबद्दल दुमत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. एखाद्या नोडला, म्हणजे काठावरच्या अशा एका सेन्सर-यंत्राला, ऊन कमी मिळाले, तर शेजारच्या नोडने आपल्यातले काही त्याला द्यावे का? एक बाजू म्हणते, असली गुंतागुंत नकोच. प्रत्येक नोडला मोठे पॅनेल आणि मोठी बॅटरी द्या, तो आपला आपण तगेल. दुसरी बाजू बिनतारी चार्जिंगची प्रात्यक्षिके दाखवते आणि विचारते, एका यंत्राची वीज हवेतून दुसऱ्याला देता येते, मग इथे का देऊ नये? दोन्हीकडची माणसे तळमळीने बोलतात, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून ठेवली आहे: वाटणी म्हणजे वीज इकडून तिकडे नेणे. सगळी चर्चा त्या एका गृहीतकावर अडकून पडली आहे.

माझे म्हणणे असे. वाटणी हवीच. पण वाटायचे ते आधी काम. जिथे नोड जवळ आहेत तिथे तारेने वीज वाटावी. हवेतून वीज वाटण्याचा विचार या कामापुरता सोडून द्यावा. आणि सार्वजनिक पैशातून जाळे उभे राहणार असेल, तर ही वाटणी त्याच्या निविदेतच लिहिलेली असावी. नोड बसवून झाल्यावर ती जोडता येत नाही.

आधी नदी पाहू, कारण हा प्रश्न प्रयोगशाळेतला नाही. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोद्याच्या मधून वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे निघते. शहरातले तिचे पात्र म्हणजे उघडा, सरळ कालवा नव्हे. दोन्ही बाजूंना खोल कोतरे, म्हणजे घळी, त्यांत माजलेल्या बाभळी, वेली, आणि पाण्यात शेकडो मगरी. अशा काठावर कुणीतरी ठरावीक दिवसांनी उतरून बॅटरी बदलील, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून सौर पॅनेल लागते. पण ऊन सगळ्यांना सारखे मिळत नाही. पुलाच्या कठड्यावरच्या नोडला दिवसभर आकाश मोकळे असते, त्याच पुलाखालच्या नोडला जवळजवळ काहीच मिळत नाही. कोतराच्या दक्षिणेकडच्या भिंतीजवळ बसवलेला नोड जूनमध्ये सुखी असतो, कारण तेव्हा दुपारचा सूर्य बडोद्याच्या जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून साधारण ४४ अंशांवरच पोचतो आणि भिंतीची सावली नोडवर पडून राहते. शिवाय पावसाळ्यात वेली चढतात, पॅनेलवर गाळाचा थर बसतो, पक्ष्यांची घाण पडते. ‘जागा नीट पाहून बसवले की झाले’ असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: कोणत्या महिन्यातली जागा?

आता खर्चाची बाजू. सामान्य समज असा की सेन्सर मोजतो तेव्हा वीज खातो. प्रत्यक्षात मोजणे स्वस्त असते, बोलणे महाग असते, आणि बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे ऐकणेही तितकेच महाग असते. या क्षेत्रात वर्षानुवर्षे वापरली गेलेली सीसी२४२० ही रेडिओ चिप पूर्ण ताकदीने संदेश पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते आणि नुसते कान देऊन बसली तर १८.८. म्हणजे जो नोड स्वतःचे माप पाठवून झोपी जातो त्याचा दिवसाचा खर्च नगण्य, आणि जो दुसऱ्यांचे निरोप पुढे पोचवण्यासाठी जागा राहतो त्याचा खर्च कित्येक पट. सगळे निरोप गोळा करून नियंत्रण कक्षाकडे धाडणारे यंत्र म्हणजे गेटवे. त्याच्या जवळचे नोड सगळ्यांचे निरोप वाहतात, म्हणून तेच आधी मरतात, आणि ते मेले की त्यांच्या मागचे धडधाकट नोडही मुके होतात. जाळ्याला पडणारे हे भोक गेली वीसेक वर्षे अभ्यासकांना ठाऊक आहे. एमआयटीतल्या हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी २००० साली मांडलेली ‘लीच’ ही पद्धत नेमकी यावरच होती: पुढारपणाचे जड काम एकाच नोडकडे न ठेवता आळीपाळीने फिरवायचे. त्यांच्यासमोर बॅटरीवरचे नोड होते. आपल्यासमोर सौर नोड आहेत, म्हणून पाळी चिठ्ठ्या टाकून न ठरवता आज कोणाला ऊन मिळाले ते पाहून ठरवावी, एवढीच भर घालायची आहे.

हवेतून वीज देण्याचा मोह मला समजतो. माणसाला तो सव्वाशे वर्षांपासून आहे. निकोला टेस्लाने १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारायला घेतला तो याच स्वप्नापायी. पैसे संपले आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. २००७ मध्ये एमआयटीच्या गटाने दोन मीटर अंतरावर ६० वॅटचा दिवा बिनतारी पेटवून दाखवला, कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास. प्रयोग उत्तम होता. पण दोन मीटरसाठी सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची वेटोळी लागली होती, आणि आपले नोड दोन मीटरवर नसतात. मग रेडिओ लहरींनी पाठवू, असे म्हणणाऱ्यांनी एक साधा हिशेब करून पाहावा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात जास्तीत जास्त १ वॅटचा प्रक्षेपक आणि अँटेनाची दिशा धरून ४ वॅट परिणामी शक्ती चालते. एवढ्या कमाल मर्यादेने मोकळ्या जागेत पाठवले, तरी दहा मीटरवरच्या साध्या अँटेनाला मिळतात फक्त पन्नासेक मायक्रोवॅट. दिवसभरात साठणार १.२ मिलिवॅट-तास, तेही रूपांतरात काहीच गळाले नाही असे धरले तर. पाठवणाऱ्याने मात्र तेवढ्या वेळात २४ वॅट-तासांहून जास्त जाळलेले असतात. देणारा भिकेला लागावा आणि घेणाऱ्याच्या हाती चिमूटही पडू नये, अशी ही वाटणी आहे. प्रयोगशाळेत तिच्यावर काम जरूर चालावे. नदीकाठच्या जाळ्यात तिला जागा नाही.

इथवर ऐकून स्वयंपूर्णतेची बाजू म्हणेल, आम्ही तेच तर सांगत होतो. त्यांचा युक्तिवाद खरोखर बळकट आहे आणि तो पूर्ण मांडायला हवा. पॅनेल आणि लिथियम बॅटऱ्या आज स्वस्त झाल्या आहेत. बाजारात सहज मिळणाऱ्या १८६५० आकाराच्या एका बॅटरीत, २६०० मिलिअँपिअर-तास धरले तर, साडेनऊ वॅट-तास मावतात. फक्त मोजून झोपणारा नोड दिवसाला ०.०२ वॅट-तास खात असेल, तर त्या एका बॅटरीवर तो कागदावर वर्षभराहून जास्त चालेल. सतत जागा राहणारा नोडसुद्धा आठवडाभर निघेल. मग शेजाऱ्याशी देवाणघेवाण, तिचे सॉफ्टवेअर, त्यातल्या चुका, हे सगळे कशाला? दोन बॅटऱ्या जास्त लावा आणि शांत झोपा. ज्याने उन्हातान्हात खांबावर चढून यंत्रे दुरुस्त केली आहेत, तो साधेपणाची किंमत जाणतो. साधी गोष्ट कमी बिघडते, हे मला पूर्ण मान्य आहे. कुठे एकटा नोड असेल, तिथे मीही मोठी बॅटरीच लावीन.

पण बॅटरी ऊर्जा साठवते, निर्माण करत नाही. कोतरातल्या नोडला दिवसाला १ वॅट-तास ऊन मिळते आणि त्याचे काम १.३५ वॅट-तासांचे आहे, तर बॅटरी दुप्पट केल्याने मरणाची तारीख पुढे जाते, इतकेच. मोठे पॅनेल? सावलीत मोठे पॅनेल म्हणजे मोठी सावली. शिवाय मोठे पॅनेल पुरात वाहून येणाऱ्या काटक्यांना, वाऱ्याला आणि चोराला अधिक सोपे सापडते. आणि बॅटरी कागदावर जितकी असते तितकी ती बडोद्याच्या मे महिन्यात राहत नाही. बाहेर तापमान चाळिशीच्या पुढे असते, बंद डब्यात त्याहून जास्त, आणि लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. पावसाळ्यात जेव्हा तिची गरज लागते, तेव्हा ती उन्हाळा सोसून आलेली असते.

यापेक्षाही मोठा मुद्दा वाया जाण्याचा आहे, आणि तो या वादात मी अजून कुणाकडून ऐकलेला नाही. पुलाच्या कठड्यावरच्या सुखी नोडची बॅटरी सकाळी दहापर्यंत भरते. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्याच्या पॅनेलवर पडणारे ऊन कुठे जाते? कुठेच नाही. भरलेली बॅटरी आणखी घेऊ शकत नाही. म्हणजे जाळ्याच्या एका टोकाला नोड उपाशी मरतो आहे आणि तीस मीटरवर त्याच्या गरजेच्या कित्येक पट ऊर्जा रोज टाकून दिली जाते आहे. प्रत्येकाला मोठे पॅनेल देण्याच्या धोरणाने ही नासाडी वाढते, कमी होत नाही. सुखी नोडने दुपारचे निरोप वाहण्याचे काम अंगावर घेतले, तर त्याच्या पदरचे काहीही जात नाही. मग हे काम त्याने का घेऊ नये, याचे एक तरी कारण कुणी सांगेल का?

सांगतात, आणि ते कारण सगळ्यांत वजनदार आहे. वाटणीचा उपयोग शेजाऱ्यांची टंचाई वेगवेगळ्या वेळी येते तेव्हाच होतो. पुराच्या दिवसांत ढग साऱ्या शहरावर असतात. सगळेच नोड एकदम गरीब होतात, मग कोण कोणाला देणार? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. गुजरातेत छपन्नाचा दुष्काळ पडला, १८९९–१९०० चा, तेव्हा एका गावाने शेजारच्या गावाला काय द्यायचे होते? जिथे आपत्ती सर्वांवर सारखी कोसळते तिथे परस्परांचा आधार तुटतो, हे इतिहासाने पुन्हापुन्हा दाखवले आहे. आणि पूर मोजणाऱ्या जाळ्याची खरी परीक्षा नेमकी त्याच ढगाळ दिवसांत आहे.

तरीही ‘सगळे सारखेच गरीब’ हे खरे आहे का, ते मोजून पाहू. हिशेबासाठी असे धरू की जवळजवळचे तीन नोड आहेत, प्रत्येकाला १ वॅटचे पॅनेल. लख्ख दिवशी प्रत्येकाला ५ वॅट-तास मिळतात, दाट ढगांत त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे अर्धा वॅट-तास. आकाश तिघांना सारखेच आहे. पण खर्च? मोजून झोपणाऱ्या दोघांचा ०.०२ वॅट-तास, जागे राहून निरोप वाहणाऱ्या तिसऱ्याचा ३ व्होल्टवर सुमारे १.३५. तिसरा रोज पाऊण वॅट-तासाहून जास्त तोट्यात आहे, आणि त्याच ढगाखाली इतर दोघे शिलकीत! त्यांच्या बॅटऱ्या भरलेल्या आहेत आणि ढगातून झिरपणारे ते थोडेसे ऊनही वाया जाते आहे. आता जागरणाची पाळी तिघांत फिरवा. प्रत्येकाच्या वाट्याला ०.४५ वॅट-तास येतो, स्वतःचे ०.०२ धरून ०.४७, आणि मिळकत ०.५०. काठावर का होईना, तिघेही जगतात, आणि कोणाच्याही बॅटरीला धक्का लागत नाही. हीच तूट हवेतून भरायची म्हटली, तर वर काढलेल्या १.२ मिलिवॅट-तासांच्या हिशेबाने ती सातशे पटींनी कमी पडते. एक युनिटही वीज इकडून तिकडे न नेता ती भरून निघाली. आकाश सारखे असले तरी ओझे सारखे नसते. टंचाईतली खरी विषमता मिळकतीत कमी आणि कामात जास्त असते, आणि काम वाटून घेता येते.

ढग इतके दाट असले की अर्धा वॅट-तासही मिळत नाही, तर? तेव्हा सगळ्यांनाच आखडावे लागेल, हे मी मान्य करतो. पण आखडण्याच्याही पद्धती असतात. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवर तीन-चारशे वर्षे चाललेली फड पद्धत आठवा. बंधाऱ्याखालचे शिवार फडांत विभागलेले, शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत पसरलेली. पाणी कमी पडले की पाण्याखालचे क्षेत्र सर्वांच्या संमतीने आखडायचे, म्हणजे कुणा एकाचेच सगळे शेत करपत नाही. पाळी कोणाची हे पाटकरी पाहायचा, आणि पाटाच्या वरच्या टोकाला असलेल्याला मधूनच पाणी ओढून घेता येत नसे. तिथे माणसांची पोटे होती, म्हणून झळ सारखी वाटायची. नोडांमध्ये समन्याय साधायचा नाही, नदीचे माप चुकू द्यायचे नाही. म्हणून इथे आखडताना विषमताच हवी: वरच्या आजवा सरोवराकडून येणाऱ्या पाण्यावरचे आणि शहरातल्या काळा घोडा पुलाजवळचे नोड दर पाच मिनिटांनी बोलतील, कमी मोलाच्या जागांचे अर्ध्या तासाने, काही रात्रभर गप्प बसतील आणि त्यांची वाचलेली शक्ती इतरांचे निरोप वाहण्यात जाईल. स्वयंपूर्ण नोडांच्या जाळ्यात हे शक्यच नाही. तिथे प्रत्येक नोड आपली बॅटरी संपेपर्यंत सारख्याच वेगाने बोलतो आणि मग सारे कमी-अधिक एकाच रात्री गप्प होतात. तसे ‘समान’ मरण आपल्याला हवे आहे का?

आणखी एक आक्षेप जोडणीचा आहे. नोड एकमेकांवर अवलंबून राहिले की एकाचा बिघाड दहांना घेऊन बुडेल. ज्यांनी ३० आणि ३१ जुलै २०१२ हे दोन दिवस पाहिले, त्यांना ही भीती समजावून सांगायला नको. मध्यरात्रीनंतर बिना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी तुटली आणि उत्तरेचे ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचेही गेले. साठ कोटींहून अधिक लोक अंधारात. आधीच ताणलेल्या जाळ्यातून काही राज्ये आपल्या वाट्याहून जास्त वीज ओढत होती, हे त्यामागचे एक मोठे कारण. पण त्यानंतर देशाने काय केले? प्रत्येक जिल्ह्याने आपापले वीजघर बांधून ग्रिडपासून फारकत घ्यावी, असे कुणी म्हटले नाही. जास्त ओढणाऱ्यावर दंडाचे नियम कडक झाले, फ्रिक्वेन्सीचा पट्टा अरुंद केला गेला, आणि संकटात ग्रिडचा भाग वेळेवर सुटा पडून स्वतःपुरता जगला पाहिजे यावर भर आला. त्या दोन दिवसांत पश्चिमेचे ग्रिड असेच वेगळे पडून तगले होते आणि म्हणूनच गुजरातेत दिवे चालू राहिले. सेन्सरच्या जाळ्यालाही हेच दोन नियम पुरतात. एक, प्रत्येक नोडची राखीव पातळी असेल आणि बॅटरी त्याखाली गेली की तो इतरांचे काम घेणार नाही, कुणी कितीही मागितले तरी. दोन, शेजारी गप्प झाला की नोड आपले माप स्वतः साठवत राहील आणि संधी मिळताच पाठवील.

राखीव पातळीचा आग्रह मी उगाच धरत नाही. परस्परांच्या मदतीचा या देशातला पहिला संघटित प्रयोग मानला जातो तो आमच्या बडोद्यातलाच. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात १९०४ साली आला. त्याआधी पंधरा वर्षे, १८८९ मध्ये, विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली इथल्या मध्यमवर्गीय मराठी माणसांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली. ज्याच्याकडे या महिन्यात थोडे शिल्लक आहे त्याचे पैसे ज्याला अडचण आहे त्याच्या कामी यावेत, एवढीच कल्पना, आणि तिने शंभराहून अधिक वर्षे माणसे उभी केली. पुढे बँक होऊन वाढलेली ती संस्था २००७ मध्ये रोखीच्या संकटात बंद पडली. या कथेचा पहिला भाग सांगून वाटणीचे गोडवे गाणारे आणि दुसरा भाग सांगून वाटणीला नाके मुरडणारे, दोघेही अर्धेच सांगतात. परस्परांच्या मदतीला हातातली रोकड सांभाळणारा नियम लागतो आणि खरी हिशेबवही लागते.

हिशेबवहीचा मुद्दा नोडांच्या बाबतीत फार व्यावहारिक आहे. आपल्याकडे किती शिल्लक आहे हे नोडला खरोखर कळते का? लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज ती भरलेली असो की निम्मी, साधारण ३.२–३.३ व्होल्टवरच रेंगाळतो, आणि संपायच्या बेतात आली की झपाट्याने कोसळतो. नुसता व्होल्टेज पाहून ‘माझ्याकडे भरपूर आहे’ असे सांगणारा नोड प्रामाणिकपणे खोटे बोलत असतो. त्याच्यावर विसंबून काम सोपवले तर तो मध्यरात्री मरतो. सुपरकपॅसिटरचे तसे नाही. त्यात साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे एका मापात शिल्लक कळते, आणि तो लाखो वेळा भरता-रिता करता येतो. २०१० मध्ये ‘ई-शेअर’ नावाने जी वाटणीची रचना मांडली गेली ती कपॅसिटरवर उभी होती, आणि तिच्यात एका नोडकडून दुसऱ्याकडे ऊर्जा जायची ती तारेने. बॅटरीच वापरायची असेल तर आत-बाहेर गेलेला विद्युतप्रवाह मोजणारी छोटी चिप नोडवर असलीच पाहिजे. वाटणीच्या वादात या छोट्या भागांबद्दल कुणीच बोलत नाही, आणि जाळे जगणार की नाही ते त्यांच्यावरच ठरते.

तारेबद्दलही थोडे. बिनतारी जाळ्यात तार म्हटले की लोक हसतात. पण बिनतारी असायला हवा तो संदेश. पुलाच्या कठड्यावरून पुलाखालच्या नोडपर्यंत पन्नास मीटर तार टाकली, अर्ध्या चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची, तर जाऊन-येऊन रोध साडेतीन ओहमच्या आत राहतो. १२ व्होल्टवर शंभर मिलिवॅट पाठवायला आठ-नऊ मिलिअँपिअर पुरतात आणि तारेतली गळती मोजण्याइतकीही नसते. गळते ते व्होल्टेज बदलणाऱ्या सर्किटमध्ये, आणि तेही दहा-वीस टक्के. हवेतून दहा मीटरवर ज्याचा वीस हजारांत जेमतेम एक हिस्सा पोचतो, ते तारेने पन्नास मीटरवर जवळजवळ सगळे पोचते. तारेला चोरीची भीती आहे, वीज कडाडली तर तिच्यातून झटका दोन्ही नोडांना जाऊ शकतो. म्हणून ती पुलासारख्या बांधीव जागीच, नळीतून आणि संरक्षक सर्किट लावूनच टाकावी. कोतरात टाकू नये.

काही तंत्रज्ञ म्हणतील, आता लोरा हे लांब पल्ल्याचे रेडिओ तंत्र आले, नोडचा निरोप थेट काही किलोमीटरवरच्या गेटवेला जातो, मधल्या नोडांनी काही वाहण्याचा प्रश्नच उरला नाही. मोकळ्या माळावर हे खरे आहे. पण कोतराच्या तळाशी आणि पुलाखाली सिग्नल क्षीण होतो, आणि तो पोचवण्यासाठी नोडला संथ गतीने बोलावे लागते. सर्वांत जलद गतीत जो निरोप शंभर मिलिसेकंदांच्या आत जातो, त्याला सर्वांत संथ गतीत सेकंदाहून जास्त लागतो, म्हणजे वीस-पंचवीस पट खर्च. ज्याला ऊन सर्वांत कमी त्यालाच सर्वांत जास्त ओरडावे लागते. कठड्यावरच्या शेजाऱ्याने त्याचे हलक्या आवाजातले बोलणे ऐकून पुढे पोचवले तर हा खर्च टळतो. मोबाइल नेटवर्कवर थेट बोलावे म्हणणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की पूर आला की वस्त्यांची वीज बंद करावी लागते आणि टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्या असतात.

मग अडते कुठे? माझ्या मते तंत्रात नाही, मालकीत. नदीची पातळी पालिकेला हवी, आजवा सरोवराची धरणाचे दरवाजे सांभाळणाऱ्यांना हवी, पावसाचे माप हवामान खात्याला हवे, आणि वरच्या बाजूच्या वाघोडिया तालुक्यातल्या शेतकऱ्याला आपल्या मातीतला ओलावा हवा. प्रत्येक जण आपला नोड लावील, आपल्या पुरवठादाराकडून, आपल्या सांकेतिक भाषेत. एका खात्याचा नोड दुपारभर ऊन वाया घालवीत बसेल आणि पाच मीटरवर दुसऱ्या खात्याचा नोड मरत असेल, कारण दोघांना एकमेकांचे ऐकू येत नाही. आपल्या नोडने दुसऱ्या खात्याचा निरोप का वाहावा, असा प्रश्न लेखापरीक्षणात निघेल, आणि तो काढणाऱ्या अधिकाऱ्याची चूक म्हणता येणार नाही, कारण कागदावर तशी तरतूदच नसेल. सयाजीराव महाराजांच्या काळात आजव्याचे पाणी शहरात आले, १८९२ च्या सुमारास, तेव्हा प्रत्येक वाड्याने आपला तलाव खोदावा असे कुणी म्हटले नाही. एक सरोवर, एक नळयोजना, आणि वापराचे नियम. नदीकाठी पडणारे ऊनही तसेच शहराचे समाईक आहे.

म्हणून मागणी निविदेच्या मसुद्याकडे आहे. ‘प्रत्येक नोड इतके दिवस उन्हाविना चालला पाहिजे’ अशी अट घातली की पुरवठादार बॅटरी मोठी करतो आणि मोकळा होतो. अट जाळ्यावर घालावी: सलग सात ढगाळ दिवसांत, कुठलेही दोन नोड बंद पडलेले असताना, काळा घोडा पुलाची आणि वरच्या ठाण्यांची पातळी दर पंधरा मिनिटांनी नियंत्रण कक्षात पोचली पाहिजे. ती कशी पोचवायची हे पुरवठादाराने ठरवावे. तो आपोआप काम वाटण्याकडे वळेल, कारण नुसत्या बॅटऱ्यांनी दोन मेलेले नोड भरून निघत नाहीत. त्यासोबत प्रत्येक नोडने आपली खरी शिल्लक मोजून सांगावी, राखीव पातळी पाळावी, आणि दुसऱ्या खात्याच्या नोडचा निरोप खुल्या, सर्वांना ठाऊक असलेल्या पद्धतीने वाहावा, निरोपावरची डिजिटल सही तपासून, म्हणजे खोटा नोड घुसून इतरांच्या बॅटऱ्या रिकाम्या करणार नाही. स्वीकृतीची चाचणीही पावसाळ्यात व्हावी, आणि पॅनेलांवर कापड टाकून, मुद्दाम दोन नोड बंद करून व्हावी. एप्रिलच्या उन्हात कुठलेही जाळे उत्तीर्ण होते.

यातल्या एकाही गोष्टीला नवे संशोधन लागत नाही. निविदेत दोन परिच्छेद लागतात, आणि ज्या खात्यांचे नोड या नदीकाठी बसणार आहेत त्या सर्वांची एका कराराखाली सही लागते. पाऊस जूनच्या उत्तरार्धात येतो. सही त्याआधी व्हायला हवी.